वाढीव माणसं एकोणीस

विमानतळाच्या कुंपणाला लागून मालवाहतुकीचं आणि व्यापाराचं मोठं केंद्र होणार, ही बातमी गल्लीत मंगळवारी सकाळी पोहोचली. बातमीत तीन आकडे होते: केंद्राला लागणारी जमीन, तिथून दरवर्षी उडणारा माल आणि त्यातून निर्माण होणारे रोजगार. पहिले दोन कुणी नीट वाचले नाहीत. तिसरा साठ हजार होता, आणि दुपारपर्यंत तो सगळ्यांना पाठ झाला. संध्याकाळी लोक त्या केंद्राला नुसतं 'हब' म्हणायला लागले, जणू ते गल्लीतलंच एखादं पोर आहे आणि त्याचं लाडाचं नाव ठेवून झालंय. प्रत्यक्षात तिथे अजून तारेचं कुंपण आणि एक फलक एवढंच होतं. काम पुरं व्हायला चार वर्षं लागतील, असं त्याच बातमीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. पण शेवटची ओळ कोण वाचतो?

गल्लीत दुकानं वीस. टायर, काच, लाकडी खोकी, छपाई, बेकरी, चष्मे, किल्ल्या अशी. गल्लीच्या टोकाला एक घर, आणि त्या घरात एक बाई पंचवीस वर्षं दुकानदारांची लहान मुलं सांभाळत आली होती. तिचा जन्मही त्याच घरातला. त्यामुळे ती सगळ्यांची ताई, आणि तिचा नवरा ओघानेच सगळ्यांचे भाऊजी. छापखानेवाले काका सत्तरीला आले होते, तेही त्यांना भाऊजीच म्हणत. एवढे मेहुणे एका माणसाला मिळणं हे भाग्यच म्हणायचं, पण भाग्याने पोट भरत नाही, आणि भाऊजींना आठ महिने काम नव्हतं.

वय त्रेपन्न. एकतीस वर्षं त्यांनी एका गोदामात मालाची मोजदाद केली. पेटी मोजली की तिच्यावर खडूने तिरकी खूण करायची, म्हणजे तीच पेटी दुसऱ्यांदा मोजली जात नाही. एवढं साधं काम. पण एकतीस वर्षांत एक पेटी दोनदा मोजली गेली नाही, हे ते कधी स्वतः सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितलं की मात्र खाली बघून हसत. गोदाम बंद पडलं तेव्हा पाठदुखी आणि खडूचा एक तुकडा घेऊन ते घरी आले. खडू अजून शर्टाच्या खिशात असे.

बातमी आली त्याच मंगळवारी त्यांना एक पत्रही आलं. त्यांचे जुने साहेब आता बंदराच्या गावी एका शीतगृहात होते. मोजदादीची जागा रिकामी आहे, शनिवारपर्यंत हो की नाही कळवा, असं दोन ओळींत लिहिलेलं. बंदराचं गाव एका दिवसाच्या प्रवासावर. ताईला तिकडे जाता येणार नव्हतं, कारण तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना आता पोटची मुलगी ओळखू येत नव्हती. जावई मात्र ओळखू येई. रोज चार वाजले की म्हातारा मान वळवून विचारी, "जावईबापू आले का?" मग भाऊजी शेजारी बसत आणि इकडचं तिकडचं बोलत. दुसऱ्या कुणाच्या हातून म्हातारा चहासुद्धा घेत नसे.

तेव्हा जायचं की थांबायचं, हा प्रश्न होता. शनिवार चार दिवसांवर होता.

गल्लीने तो प्रश्न आपल्या परीने सोडवून टाकला.

"कुठे जाता त्या बर्फात?" टायरवाला म्हणाला. "बर्फात मासळी ठेवतात, माणसं नाही. हब येऊ दे. पहिली जागा माझ्याकडे तुमची."

"याच्याकडे कशाला? काळे व्हाल नुसते," खोकेवाला म्हणाला. "माझ्याकडे या. विमानातून माल जायचा म्हणजे खोकी लागणार. खोकी म्हटली की मोजणं आलं."

भाऊजी त्या रात्री शांत झोपले.

बुधवारी सकाळी गल्लीत एक सर्वेक्षणबाई आल्या. हबमुळे आसपासच्या धंद्यांत किती वाढ अपेक्षित आहे, याची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. बगलेत फॉर्मांचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र, आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. स्कूटरवरून पडल्या होत्या. पहिल्याच दुकानात, म्हणजे छापखान्यात, त्यांनी डाव्या हाताने दोन ओळी लिहिल्या. काकांनी चष्मा कपाळावर नेऊन त्या वाचायचा प्रयत्न केला.

"बाई, राग मानू नका, पण हे कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतंय."

"मला कळतंय ते," बाई म्हणाल्या. "कार्यालयात माणूस मागितला होता. नाही म्हणाले."

"आमच्या भाऊजींना बोलावतो. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. आणि हे मी, छापखानेवाला, सांगतोय."

अशा रीतीने भाऊजी लेखनिक झाले. आता पुढचं जे काही घडलं ते यातूनच घडलं, म्हणून इथे जरा थांबून फॉर्म पाहून घेऊ. त्यात चार रकाने होते. आज दुकानात माणसं किती? हब सुरू झाल्यावर किती वाढवाल? वाढीव माणसाचं अपेक्षित वय, शिक्षण आणि कौशल्य काय? आणि शेवटी, शेरा. बाई प्रश्न विचारणार, दुकानदार उत्तर देणार, भाऊजी लिहिणार.

"आज किती माणसं?" बाईंनी काकांना विचारलं.

"मी आणि यंत्रावरचा एक. दोन."

"हब आल्यावर किती वाढतील?"

काकांनी वर पाहिलं. समोर पेन होतं, आणि पेनामागे भाऊजी होते.

"एक," काका म्हणाले.

"अपेक्षित वय?"

"पन्नासच्या पुढे. म्हणजे त्रेपन्न धरा."

बाईंनी भुवई उचलली. "शिक्षण?"

"भाऊजी, तुमचं शिक्षण किती हो?"

"अकरावी," भाऊजी हळूच म्हणाले.

"अकरावी लिहा. कौशल्य काय, सुवाच्य अक्षर. मोजदाद पक्की हवी. आणि हो, ओझं उचलायला लावायचं नाही, पाठीचा त्रास आहे."

"काका, हे अपेक्षित कामगाराबद्दल चाललंय ना?"

"मग? आम्ही त्याचीच तर अपेक्षा करतोय."

भाऊजींनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी कागदावर त्यांची गरज असल्याचं सांगत होतं, आणि तो कागद सरकारी होता.

टायरवाल्याने 'एक' हे बाईंचा प्रश्न संपायच्या आतच सांगितलं.

"वय त्रेपन्न, ओझं उचलणार नाही," बाईंनी वाचून दाखवलं. "टायरच्या दुकानात?"

"टायर उचलायला मी मेलोय का? हे मोजतील."

"आत्ता किती टायर आहेत तुमच्याकडे?"

टायरवाल्याने मागे वळून ढिगाकडे पाहिलं. "आहेत की. भरपूर आहेत."

काचवाल्याने एक सांगितला. चष्मेवालीने एक सांगितला, आणि वर म्हणाली की अक्षर सुवाच्य असेल तर गिऱ्हाइकाला वाचता येईल, नाहीतर चष्म्याचा उपयोग काय. खोकेवाल्याने एक सांगताना भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. गल्लीत ऊन चढत गेलं आणि गठ्ठ्यातले फॉर्म भरत गेले. प्रत्येक दुकानात चहा आला. सहाव्यानंतर बाईंनी चहा नको म्हणायला सुरुवात केली; भाऊजींनी सगळे प्याले.

अकरावं दुकान बेकरीवालीचं. तिने पीठ लागलेले हात ॲप्रनला पुसले.

"माझी दोन्ही पोरं ताईच्या मांडीवर मोठी झाली. लिहा, एक. दोन सांगितले असते हो, पण भाऊजी एकच आहेत ना."

ती हसली, बाईही हसल्या. भाऊजींनी 'एक' लिहिला आणि पेन तसंच धरून राहिले. एकतीस वर्षांची सवय कुठेतरी आत खोकल्यासारखी उठली. तीच पेटी. पहिल्या फळीवर होती, दुसऱ्या फळीवर होती, आता अकराव्या फळीवरही आहे. एकाच वेळी एवढ्या ठिकाणी हजर असणं देवाला जमतं. भाऊजींना तर जिना चढतानाही मध्ये थांबावं लागायचं.

पण लिहायचं काम सोपवलेलं होतं, म्हणून ते लिहीत राहिले. बारा, तेरा, चौदा. वय त्रेपन्न, अकरावी, सुवाच्य अक्षर.

सोळावी टपरी किल्लीवाल्याची. दोन दुकानांच्या मधल्या फटीत ती बसवलेली, आणि तीत किल्लीवाला स्वतः बसवल्यासारखा. त्याच्या मागे, डोक्यावर, बाजूला खिळेच खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या.

"हब आल्यावर किती माणसं वाढवाल?"

"शून्य," किल्लीवाला कानस थांबवून म्हणाला.

समोरून टायरवाला ओरडला, "अरे, निदान भाऊजींच्या तोंडावर तरी!"

"तोंडावर आहेत म्हणूनच खरं सांगतोय. मागे असते तर मीही हो म्हणून टाकलं असतं." तो भाऊजींकडे वळला. "भाऊजी, हब येऊन माझी टपरी रुंद होणार आहे का? मी शिंकलो तर चार किल्ल्या खाली पडतात. तुम्हाला बसवू कुठे, डोक्यावर?"

भाऊजींनी शून्य लिहिलं. गोल, स्वच्छ, सुवाच्य. त्यानंतरच्या चारही दुकानांनी किल्लीवाल्याची भरपाई केल्यासारखा मोठ्या आवाजात 'एक' सांगितला.

दुपारी बेरीज करायला दोघं ताईच्या घरी बसले. आतल्या खोलीत मुलं झोपली होती, म्हाताराही झोपला होता. फॉर्मांच्या वर एक गोषवाऱ्याचा कागद होता: एकूण दुकानं, एकूण वाढीव माणसं, शेरा.

"एकोणीस," बाई समाधानाने म्हणाल्या. "वीस दुकानांत एकोणीस. एवढं चांगलं प्रमाण मला अजून कुठे मिळालेलं नाही. लिहा."

भाऊजींनी पेन टेकवलं नाही.

"बाई, हे एकोणीस नाहीत."

"मी दोनदा मोजलेत."

"तेच म्हणतोय. तुम्ही दोनदा मोजलेत, गल्लीने एकोणीसदा मोजलंय. माल एकच आहे. मी आहे तो."

बाईंनी फॉर्म पुन्हा चाळले. त्रेपन्न, अकरावी, पाठीचा त्रास. त्रेपन्न, अकरावी, पाठीचा त्रास. त्या हसल्या नाहीत. प्लास्टरच्या कडेवरचा एक धागा त्यांनी ओढून काढला.

"अपेक्षित आहे हो हे," त्या म्हणाल्या. "खरं-खोटं विचारत नाही आम्ही. लोकांना काय अपेक्षित आहे, ते विचारतो. प्रत्येकाला तुम्ही अपेक्षित आहात, तर एकोणीसच होतात."

"आणि त्या साठ हजारांत हे एकोणीस धरणार?"

"साठ हजार आधीच छापून आलेत. आम्ही ते तपासतोय." आणि मग, आवाज उतरवून, "कुठल्या गल्लीत किती भाऊजी निघतील, मला काय माहीत?"

सकाळपासून त्यांनी 'तुम्ही' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'भाऊजी' आलं.

भाऊजींनी गोषवाऱ्यात एकोणीस लिहिलं, कारण तो बाईंचा कागद होता. पण शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी त्याच अक्षरात आणखी दोन ओळी लिहिल्या: 'वरील एकोणीस माणसे म्हणजे एकच माणूस आहे. तो हे लिहीत आहे.' बाईंनी वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही.

"मग मला शनिवारी हो कळवायला हवं," भाऊजी कागद सारखे करत म्हणाले. ते बाईंना सांगत नव्हते. ताई दारात उभी होती. "मी या गल्लीच्या भरवशावर 'नाही' असं कळवणार होतो. पण इथे जागा एकही नाही. नुसती माया आहे."

ताई आत आली. तिने फॉर्म उचलले आणि पत्ते पिसावेत तसे एकामागून एक पाहिले. पहिले दोन फॉर्म तिने डोळे पुसत वाचले, हे खरं. पण पंचवीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई फार वेळ रडत बसत नाही.

"एकोणीस जणांकडे एकेक पुरा माणूस मावणार नाही, हे दिसतंच आहे. पण एका माणसाचे भाग होतात की नाही?"

"म्हणजे?"

"टायरवाल्याला टायर किती ते सांगता आलं? नाही ना? काकांच्या कागदाची रिमं ओलीने सडतात, कारण खालची रिमं कधीची ते कुणाला ठाऊक नाही. चष्मेवालीच्या काड्या हरवतात. त्यांना माणूस नको आहे, आठवड्यात अर्धा दिवस माणूस हवाय. हब आल्यावर नाही, आत्ताच. रविवार सोडला तर आठवड्याचे बारा अर्धे दिवस होतात."

"फॉर्ममध्ये अर्धा माणूस लिहायची सोय नाही," बाई सवयीने म्हणाल्या.

"एक कलिंगड बारा पोरांत वाटायला मला फॉर्म लागत नाही," ताई म्हणाली.

गुरुवारी भाऊजी पुन्हा 'एक' म्हणणाऱ्या त्या एकोणीस दुकानांत गेले. या वेळी सोबत बाई नव्हत्या, आणि प्रश्न दुसरा होता: हब राहू द्या, या सोमवारपासून आठवड्यातून अर्धा दिवस मला घ्याल का?

'एक' म्हणणं सोपं होतं. 'अर्धा' म्हणताना लोकांना घाम फुटला. काकांनी लगेच हो म्हटलं आणि ओली रिमं दाखवायला मागे घेऊन गेले. बेकरीवालीने वार निवडला. टायरवाल्याने आधी हबबद्दल बरंच सांगितलं, मग ढिगाकडे पाहिलं, मग म्हणाला, "मंगळवार चालेल. पण मोजून झाल्यावर कमी निघाले तर बायकोला सांगायचं नाही." चष्मेवालीने दोन दिवसांनी सांगते म्हटलं, आणि ते नाहीच होतं. खोकेवाला, ज्याने खांद्यावर हात ठेवला होता, तो खोक्याला खिळे ठोकत राहिला.

"आत्ता काय घाई आहे, भाऊजी? हब येऊ द्या. तेव्हा अर्धा कशाला, पुरेच या."

"तेव्हा मी सत्तावन्नचा असेन."

"फॉर्ममध्ये वय बदलून घेऊ की," खोकेवाला म्हणाला, आणि स्वतःच हसला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. नऊ जणांनी याच चालीवर नाही म्हटलं, आणि त्यांतल्या प्रत्येकाने चहा पाजला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दहा अर्धे दिवस जमले. घर चालायला अकरा तरी हवे होते; ताईने ते काही वहीत मांडलं नाही, पण बोटांवर तिने तीनदा मोजलं. दहावर अडलं. पत्र टपालात टाकायची शेवटची वेळ शनिवारी बाराची.

शनिवारी सकाळी भाऊजी 'मी येत आहे' असं लिहिलेलं पत्र घेऊन बाहेर पडले. किल्लीवाल्याच्या टपरीसमोरून जाताना त्यांनी मान खाली घातली. त्याच्याकडे गुरुवारी ते गेलेच नव्हते. शून्य म्हणणाऱ्याला काय विचारायचं?

"भाऊजी," किल्लीवाल्याने हाक मारली. "सगळ्या गल्लीला विचारलंत. मलाच वगळलंत."

"तुम्ही शून्य सांगितलं होतं."

"माणूस किती वाढवणार, ते विचारलं होतं. त्याला शून्यच उत्तर आहे." त्याने मागच्या खिळ्यांकडे बोट केलं. "या बावीसशे आहेत. कुठली कुठल्या खिळ्याला, ते फक्त माझ्या डोक्यात. आणि डोकं आता विसरायला लागलंय. परवा एका नव्या भाडेकरू बाईला दुसरीच्याच घराची किल्ली दिली, पत्त्याच्या चिठ्ठीसकट. तिने ती लावलीसुद्धा. कुत्रं अंगावर आलं तेव्हा कळलं." तो थांबला. "मला नोंद करून हवीय. अर्धा दिवस आठवड्याला. बसायला जागा मात्र नाही. स्टूल रस्त्यावर, पाय गटारावर."

भाऊजींनी पत्र खिशात परत ठेवलं. दुसरं पत्र त्यांनी तिथेच, किल्लीवाल्याच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. साहेबांचे आभार मानले, आणि येऊ शकत नाही असं कळवलं. कारण लिहिलं नाही. बाराच्या आत ते टपालात पडलं.

बारावा अर्धा दिवस ताईने कुणालाच दिला नाही.

आठ महिन्यांनी सर्वेक्षणबाईंनी अहवालाची एक प्रत पाठवली. पाकिटावर पत्ता त्यांच्या उजव्या हाताचा होता. तोही फारसा वाचता येत नव्हता. हब अजून कुंपण आणि फलकच होता, फक्त फलक नवा रंगवला होता. अहवाल जाडजूड होता. त्यात गल्लीपुढे एकोणीस छापलं होतं. शेऱ्याच्या दोन ओळी कुठेच नव्हत्या, कारण संगणकात शेरा भरायला जागा नसते, असं बाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं. मात्र एका पानाला त्यांनी खूण घातली होती. तिथे एक वाक्य होतं: 'या भागात पन्नाशी ओलांडलेल्या, सुवाच्य अक्षराच्या आणि अवजड काम न करणाऱ्या पुरुष कामगारांना विलक्षण मागणी असल्याचे दिसून येते.'

ते वाक्य गल्लीत पाच-सहा वेळा मोठ्याने वाचलं गेलं. टायरवाला हसून हसून ढिगावर बसला. त्या ढिगात एकशे बेचाळीस टायर होते, हे आता त्याला माहीत होतं.

भाऊजी रस्त्यावरच्या स्टुलावर होते. किल्ल्या टांगलेल्या फळ्यांपैकी चारांची नोंद पुरी झाली होती. प्रत्येकीच्या कडेला खडूची एक तिरकी खूण.

"म्हणजे साठ हजारांत आपले एकोणीस आहेत तर," किल्लीवाला आतून म्हणाला.

"आहेत."

"आणि खरे किती?"

"एक," भाऊजी म्हणाले. "तोही अर्ध्या-अर्ध्याने."

चार वाजायला आले होते. त्यांनी खडू खिशात टाकला आणि स्टूल फटीत सरकवलं. गल्लीच्या टोकाच्या घरात कुणीतरी मान वळवून त्यांच्याबद्दल विचारत असणार, म्हणून ते जरा भरभर निघाले. खडूमुळे शर्टाच्या खिशावर एक पांढरी तिरकी रेघ उमटली होती. त्यांनी ती झटकली नाही.